केसरीदादा, बी. ए.

१४ ऑगस्ट १९७३

पुन्हा दादा! मेल्याला दोन वर्षं झाली म्हणून आज शाळेत सभा. मास्तर थांबायलाच तयार नाहीत – "केसरीनाथ दिवसा लूमवर उभा राहायचा, रात्री अभ्यास करायचा. आपल्या गावचा पहिला बी. ए.!" टाळ्या. मीही वाजवल्या. भाऊ ना मी! त्याच कारखान्यात मी अजून उभा आहे. माझ्यासाठी सभा कोण घेतो?

१९ ऑगस्ट

आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "केसरी ड्युटीवरशी येऊन काशीला सोता आंगोल घालायचा. हौसाला वज्रेश्वरीला न्यायचा. असा बाप न्हाय मिलायचा." मला ऐकवायलाच!

कावीळ झाली आणि गेला. गेल्या वैशाखात पंचांनी हौसावहिनीचा माझ्याशी पाट लावला. धाकटा दीर, बिनलग्नाचा – आयताच सापडलो. बायको त्याची, पोर त्याची, खाटही त्याची. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर हो म्हणालो असतो. हौसा मला आवडते. फार आवडते.

२ सप्टेंबर

शेजारची आक्का दोरीवरचा दादाचा सदरा बघून म्हणाली, "ह्यो कोनाचा गं?" हौसा खाली मान घालून म्हणाली, "त्यांचा." नाव नाही घेतलं! अजून नाही घेत. आणि मला? "बाळाराम भावजी, जेवाला या." दीर होतो तेव्हा मारायची तीच हाक! म्हणजे मेलेला तो अजून नवरा, आणि समोर ताटावर बसलेला मी दीर. त्याची डिग्री गेली खड्ड्यात. जळतं ते या हाकेनं.

३ सप्टेंबर

सदरा मीच घालून गेलो शिफ्टला. काखेत काचला.

११ सप्टेंबर

काशीला ताप. हौसा, आक्का आणि मी तिला भिवंडीला दवाखान्यात घेऊन गेलो. कंपाउंडरने विचारलं, "पोरीच्या बापाचं नाव?"

हौसा म्हणाली, "केसरीनाथ." सरळ. मोठ्यानं. सगळ्यांसमोर!

"मग हे कोण?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

तिने पदर पुढे ओढला. आक्काला कोपराने ढोसलं – "तुमीच सांगा ना ह्यांचं नाव."