कॉम्प्युटरातला माझा पाय

४ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न.

फोनवर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, तुला माहीतच आहे. म्हणून लिहिते. माझ्या मांडीच्या हाडात पोकळी निघाली, हे आईने तुला रडत रडत सांगितलंच. डॉक्टर म्हणाले, एक तर ऑपरेशन करून सळई घालायची, नाही तर कुंभाराच्या चाकावरचं काम बंद. आई मला जिनासुद्धा उतरू देत नाही. मी उठले की बाबा घाबरून खुर्चीचे हात घट्ट धरतात. स्वतःच्याच खुर्चीचे!

शाळा कायमची सुटली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण चाक सुटलं तर मी करू काय? तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. पायाने चाक ढकलायचं, हातात माती धरायची. भांड्यांच्या कारखान्याच्या मालकीण काकूंनी आत्ता कुठे मला कप करायला दिलेत.

डॉक्टरांनी माझ्या हाडाचे फोटो तुमच्या ऑफिसात पाठवलेत म्हणे. तुम्ही हाड कॉम्प्युटरात मोडून बघता, हे खरं का? माझं मोडलं तर आधी मला सांग, आईला नको.

मोडलं तरी माया असू दे.

तुझी लाजाळू

१५ मार्च

चि. लाजाळूस, अ. उ. आ.

खरं आहे. दिवसभर तुझाच पाय मोडत बसले होते. आमचे साहेब म्हणाले, सख्ख्या भाचीच्या इतकी हात धुऊन मागे लागलेली आत्या त्यांनी पाहिली नाही.

फोटोंवरून तुझं हाड कॉम्प्युटरात जसंच्या तसं उभं केलं, पोकळीसकट. मग भार टाकत गेले. चाललीस, ठीक. जिना उतरलीस, ठीक. (हे आईला आजच सांग.) चाक ढकललंस, आणि पोकळीच्या कडेला लाल झालं. लाल म्हणजे तिथून तडा जाणार.

मग आईने पाठवलेला तुझ्या कामाचा व्हिडिओ परत लावला. बाई गं, तू बुटक्या स्टुलावर तिरकी बसतेस आणि पाय बाजूने फेकतेस. हाड पिळलं जातं ते तिथे. कॉम्प्युटरात तुला उंच बसवलं, पाय सरळ पुढे ढकलायला लावला. लाल गेलं! विश्वास बसेना म्हणून भार वाढवत नेला. तरी नाही मोडलं. डॉक्टरांनीही बघितलं. सळई आत्ता नको म्हणाले, पावसाळ्यानंतर परत फोटो काढू. उड्या आणि पळापळ मात्र बंद.

आता उंच स्टूल काकूंकडे तूच मागायचं. ते काही कॉम्प्युटर करून देत नाही, आणि मीही बोलणार नाही.

राग आला तरी पत्र लिही.

तुझी पाय-मोडी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझं पत्र जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून वाचलं. म्हणजे बघ! आई आतून ओरडली, मग वाचून रडली, मग हसली. बाबांनी खुर्ची सोडली.

काकूंना सांगायला मात्र फार दिवस लागले. रोज ठरवायचे आणि माती मळत बसायचे. शेवटी चाकाकडे बघतच बोलले. काकूंना ऐकूच गेलं नाही. परत बोलले ते एवढ्या मोठ्याने, की सगळा कारखाना वळून बघायला लागला. काकू हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, एवढंच होय? माझं तोंड बघून त्यांना वाटलं होतं मी काम सोडतेय, त्यांच्याच जिवाला घोर लागला होता. संध्याकाळपर्यंत स्टूल उंच करून मिळालं.

सरळ ढकलायची सवय व्हायचीय, कप वाकडे होतात. त्यातला पहिला तुला पाठवते. कॉम्प्युटरात हवा तेवढा मोड, पण चहा यातच पी.

उत्तराची वाट बघते. नाही तर फोन कर, मी उचलेन.

तुझी लाजाळू