सायलीचा एकच ठोका

चौल, रविवार, दिवे लागल्यावर

आमची नात सायली मुलांच्या ऑर्केस्ट्राबरोबर जर्मनीला गेलीय, झांजा वाजवायला. आजचा कार्यक्रम आम्ही दोघांनी मोबाइलवर बघितला. काल फोनवर म्हणाली होती, "आबा, एवढ्या मोठ्या रचनेत माझा एकच ठोका आहे. तो चुकला की सगळं गेलं."

एकच? मी भजनात टाळ घेतले की हातांना उसंत नसते! आमची ही तर म्हणाली, "एवढ्या लांब नेली नि पोरीला नुसती उभी ठेवलीय!" पण मी सायलीच्या हातांकडेच बघत होतो. बाकीची पोरं वाजवतायत आणि ती मनात मोजतेय. मीही मोजायला लागलो, चुकलो. दोनदा वाटलं, आता ठोका पडणार. तिचे हात हलले नाहीत. एवढा धीर पोरीत आला कुठून?

आणि मग तिने झांजा उचलल्या. असा पडला ठोका, की सगळी वाद्यं एकदम उजळल्यासारखी वाटली. अंगावर काटाच आला.

कार्यक्रम संपल्यावर तिचा फोन. "आबा, बरोबर पडला ना?"

मी फोन हिच्याकडे दिला.

"व्हय गं बाय," ही म्हणाली, "तुझ्या आबांची तर वाचाच बसलीय!"