कीबोर्ड सापडत नाही

जयलक्ष्मीपुरम, मैसूर
दसरा उलटला, दिवाळी दारात

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण परवा टेबलाखाली शिरून वायरी जोडताना कंबरेत जी लचक भरली, तिने नमस्काराची मर्यादा ठरवून दिली आहे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावतोस का, की बाटली नुसती उशाशी ठेवून गुण येण्याची वाट बघतोस? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण आपलं फोनवरचं बोलणं तुला ठाऊक आहेच. मी विचारतो, कसा आहेस. तू म्हणतोस, बरा आहे. मी विचारतो, जेवलास का. तू म्हणतोस, हो. मग तू म्हणतोस, ठेवतो. मोबाइलवर पाठवलेले फोटो तू उघडून बघत नाहीस. म्हणून शेवटी कागद काढला. हातातला कागद अर्धवट वाचून बाजूला ठेवणं तुला जन्मात जमलेलं नाही. टायपिंगच्या क्लासात भजी बांधून आलेल्या कागदावरच्या चुकांनासुद्धा तू लाल शाई लावायचास, तेव्हा हे पत्र तू शेवटपर्यंत वाचशील याबद्दल मी निर्धास्त आहे.

आमच्याकडे सगळे खुशाल. जानकीने यंदाही इथल्या रीतीप्रमाणे दसऱ्याला बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या. इराला कॉलेजची सुट्टी होती. मलाही कंपनीने सुट्टी दिली आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, या न्यायाने मी माळ्यावर चढलो. कशाला, हे तू ओळखलं असशीलच. आपलं मशीन खाली काढलं! तू मिरजेचा क्लास बंद केलास तेव्हा आपल्या वाटण्या झाल्या होत्या, आठवतं? कॉम्प्युटरचा डबा आणि पडदा माझ्याकडे, कीबोर्ड तुझ्याकडे. (लोक शेताच्या, दागिन्यांच्या वाटण्या करतात. आपल्या घराण्याची इस्टेट ही एवढीच, आणि तीसुद्धा आपण अशी वाटली की दोघांपैकी कुणालाच ती वापरता येऊ नये.)

डबा उघडला आणि आत काय असेल? पालीच्या अंड्यांची टरफलं, एक खडू, आणि क्लासातल्या त्या निळ्या सतरंजीचा एक धागा. तो धागा बघून मी माळ्याच्या शिडीवरच बसलो. काय थाट होता दादा त्या खोलीचा! वातानुकूलन आपल्याला कुठलं परवडतंय, म्हणून खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर वहिनी तासातासाने पाणी मारायची. दारावर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. साक्षात शाळा तपासनीस आले तरी तू त्यांना मोज्यांवर आत घेतलंस. कॉम्प्युटरचा विषाणू चपलेला चिकटून येतो, असं तू पालकांना गंभीरपणे सांगायचास आणि मी इंजिनिअर होईपर्यंत ते खरं मानत होतो. आणि तू बँकेत गेलास की मी त्यावर मोटारीच्या शर्यतीचा खेळ खेळायचो, हे तुला माहीत नसेल असं मला अजूनही वाटतं. वहिनी दारात मटार सोलत बसायची आणि कोपऱ्यावर तुझी सायकल दिसली की खोकायची. एकदा तिला खरोखरीचा खोकला झाला होता, त्या आठवड्यात माझी एकही शर्यत पुरी झाली नाही.

असो. मशीनकडे येतो. वीज लावली तर आधी वास आला, मग धूर आला आणि मग जानकी आली. तिने धूर, मी आणि तिच्या धुतलेल्या चादरी यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि काही न बोलता चादरी घेऊन गेली. (लग्नाला इतकी वर्षं झाली की न बोललेलंही पुष्कळ ऐकू येतं.) मग मंडी मोहल्ल्यातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून वीजपुरवठ्याची पेटी आणली, पंख्याला शिलाई मशीनचं तेल घातलं, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसवल्या. खोडरबराची युक्ती तुझीच. आतली बॅटरी मेल्यामुळे बिचाऱ्याला आजची तारीख कळत नाही, त्याला वाटतं ऐंशी साल चालू आहे. मी काही ते दुरुस्त केलं नाही. त्याचं एकट्याचं तरी बरं चाललंय, चालू दे.

तेवढ्यात आली खंडेनवमी. इथे त्या दिवशी शस्त्रं, वाहनं, हत्यारं, जे जे म्हणून पोटाला घालतं त्या सगळ्याची पूजा. आमच्या खाली राहणाऱ्या घरमालकीण सुमित्राबाई तुला आठवत असतील. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या मैसुरात शिवणकाम करतं, देव्हाऱ्यात विठ्ठल आहे, आणि मराठी अशी की अर्ध्या वाक्यात ती कन्नडच्या घरी जाऊन चहा पिऊन येते. तू त्यांच्या शिलाई मशीनची मोटर दुरुस्त करून दिली होतीस, तेव्हापासून या घरात तुझं नाव माझ्यापेक्षा वर आहे. तर त्या सगळ्यांची पूजा तपासायला फिरत होत्या. मी बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे स्क्रू-ड्रायव्हर, डाग देण्याची, सोल्डरिंगची इस्त्री आणि मधोमध आपलं मशीन मांडलं होतं. झेंडूचा हार, हळद-कुंकू सगळं यथासांग. सुमित्राबाईंनी बघितलं आणि विचारलं, "लिंबू कुटं हाय?" मी म्हटलं, लिंबू स्कूटरच्या चाकाखाली ठेवतात, याला चाकं नाहीत. त्या म्हणाल्या, "चाक नै तर काय झालं? लिंबू नै ठेवलं तर दृष्ट कशी निघायची, उदयप्पा?"

म्हाताऱ्या माणसाशी वाद नको म्हणून मी डब्याच्या एका रबरी पायाखाली लिंबू ठेवलं आणि वरून दाबलं. लिंबू रसरशीत निघालं. इतकं, की त्याची चिळकांडी थेट विजेच्या त्या पट्टीत गेली जिच्यावरून जानकीच्या बाहुल्यांची रोषणाई चालू होती. फाट्ट! आमच्या घराबरोबर सुमित्राबाईंच्या घराचीही वीज गेली. त्या गोंधळात इराचं हसू तेवढं ऐकू येत होतं. सुमित्राबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आयतु, झालं. निघाली बघ दृष्ट." संध्याकाळी बायका हळदी-कुंकवाला आल्या तेव्हा बाहुल्यांपुढे नुसत्या समया होत्या, आणि प्रत्येकीने सांगितलं की अशी शोभा कधी आली नव्हती. तेव्हापासून जानकी मला बाहुल्यांच्या आसपास फिरकू देत नाही, आणि दिव्यांच्या माळांनाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पूजेनंतर मी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला तर सुमित्राबाईंनी तो हातातून काढून घेतला. खंडेनवमीला हत्याराला विश्रांती. त्यांच्या दुकानातली सगळी मशिनं त्या दिवशी झाकलेली असतात. मी गमतीने म्हटलं, मग चार दिवस झाकूनच ठेवा की, तेवढाच आराम. त्या एकदम कावल्या. "बेडा बेडा, नको! एक दिवस आराम. दसऱ्याला उटून येक तरी शिवण घालायचंच. झाकून ठेवलं तर मिशनला गंज चढतंय, उदयप्पा. माणसाला बी." एवढं बोलून त्या जिना उतरून गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. मला एकदम तुझी मिरजेची खोली दिसली. बंद खिडकी, कपाटावर तो कीबोर्ड आणि त्याच्यावर वहिनीने शिवलेलं झालरीचं कव्हर.

दसऱ्याच्या सकाळी मुहूर्त केला. सगळे जमले, इराने दारात रांगोळी काढली, मी बटण दाबलं. दादा, आवाज आला! तोच, 'टिक' करून. मग पडद्यावर ते आकडे भराभर वर चढायला लागले, जे बघायला आपण शेजारपाजाऱ्यांना बोलावून आणायचो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (जानकी म्हणते, धुरामुळे; पण या वेळी धूर नव्हता). आकडे थांबले आणि एक ओळ आली. कीबोर्ड सापडत नाही. आणि तिच्याखाली दुसरी ओळ: पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबा.

आता सांग, कीबोर्डच नाही तर कळ कुठली दाबायची? इरा इतकी हसली की तिला ठसका लागला. सुमित्राबाईंनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "कीबोर्ड दादाकडं हाय न्हवं? मग मिशनच सांगतंय की, दादाला बोलाव म्हणून." आणि मग हळूच विचारलं, त्या कव्हराची झालर अजून धड आहे का. ती झालर वहिनीबरोबर जाऊन मंडी मोहल्ल्यातून त्यांनीच निवडून दिली होती.

तर दादा, अडचण ही अशी आहे. हल्लीच्या कीबोर्डांची तोंडं बारीक, चपटी. आपल्या मशीनला जुनं, गोल तोंडाचं लागतं आणि ते आता कुठे मिळत नाही. मी सगळा बाजार पालथा घातला. तुझ्याकडचा तो एकच आहे. त्याच्यावर वहिनीने कागद कापून, स्वतःच्या गोल अक्षरात मराठी अक्षरं लिहून चिकटवली होती. त्यातला 'ण' सारखा निघायचा आणि ती भाताच्या शिताने परत लावायची. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्या कळांवर झाल्या. तो कीबोर्ड लागल्याशिवाय आपलं मशीन पुढे सरकत नाही, अगदी ठप्प आहे. एवढंच कळवायचं होतं. बाकी काही नाही.

थोरल्यांना सांगणारा मी कोण? पण गुडघ्याला तेल लाव.

तुझा धाकटा,
उदय

ता. क. कीबोर्ड कुरिअरने पाठवायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. ते लोक पाकिटं कशी फेकतात ते मी पाहिलं आहे. वहिनीची अक्षरं वाटेत गळून पडली तर कुणाला विचारायचं? मांडीवर घेऊन आणण्याचीच ती वस्तू आहे. मिरजेत गाडीत बसलं की थेट मैसूरलाच उतरायचं, मधे बदलायची भानगड नाही. हे आपलं सहज माहितीसाठी. येण्याचा आग्रह मुळीच नाही.

ता. क. दुसरा. दिवाळीच्या आत आणलास तर बरं. उन्हाळ्यात मशीन तापतं.

भाऊजी, जानकीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांच्या टेबलाच्या खणात जुन्या गोल तोंडाला नवा कीबोर्ड जोडायचा तुकडा पहिल्यापासून होता. दसऱ्याला दुपारीच तो लावून मशीन सुरू झालं आहे. त्या दिवसापासून हे मोटारीचा खेळ खेळत आहेत आणि मी जिन्यावर आले की इरा दारात उभी राहून खोकते. मला वाटलं तिला सर्दी झाली, मी तिला काढा दिला. तेव्हा कीबोर्डसाठी म्हणून येऊ नका. तुमच्या आवडीच्या खुसखुशीत कडबोळ्या केल्या आहेत, त्यांच्यासाठी या. ह्या घरात त्या नीट खाणारं दुसरं कुणी नाही.

दादा, पाकीट परत उघडलं. जानकीने लिहिलंय ते सगळं खरं आहे. (काढ्याचंसुद्धा. इरा तो मुकाट्याने प्यायली, पोरगी वहिनीच्या वळणावर गेली आहे.) कीबोर्ड नको मला. तो आहे तिथे झालरीखाली असू दे, तुला तो लागतो. तुला नुसतं ये म्हटलं तर तू येत नाहीस. काहीतरी बिघडलंय म्हटलं की मात्र पायात चप्पल न अडकवता निघतोस. म्हणून एवढं सगळं बिघडवून लिहिलं. खरं बिघडलंय ते इतकंच, की वहिनी गेल्यापासून दिवाळीच्या पहाटे तुझ्यासारखा पाठीत धपाटा घालून, "ऊठ गाढवा, उटणं लाव," असं मला कुणी म्हणत नाही. एवढा मोठा झालो तरी मला ते लागतं. मशीनच्या खोलीला इराने पाटी लावली आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. आमचे तिघांचे जोड मी जरा सरकवून ठेवले आहेत. भिंतीकडची जागा तुझी.