आठ दिवसांची गोड सासू

आत्या, आज भाकरी थापताना कड चिरली आणि मी सवयीनं मागे वळून बघितलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी माझी भाकरी तुमच्या तपासणीतून सुटलेली नाही.

लग्न होऊन नेवाशाला आले तेव्हापासून तुम्ही माझ्या भाकरीला नावं ठेवलीत. अशी एकोणीस वर्षं गेली. मग तुमचं पोट दुखायला लागलं, ताप येऊ लागला, वजन उतरलं. नगरचे डॉक्टर म्हणाले, आतड्यात गाठ दिसते, कॅन्सर असू शकतो, तुकडा तपासायला पाठवू. त्यातलं 'असू शकतो' आपण दवाखान्यातच विसरून आलो. घरी येताच तुम्ही मरायची तयारी काढलीत, तीही तुमच्या पद्धतीनं, सगळ्यांना कामाला लावून. धाकट्या जावेला माफ केलंत. शेजारणीची कित्येक वर्षं दाबून ठेवलेली कढई परत केलीत. तेराव्याला कोणता आचारी नको, तेही बजावलंत. आणि मला जवळ बसवून म्हणालात, "तुह्या हातची भाकर माझ्यापरीस लई मऊ व्हती. पहिल्यापासनं. म्या बोलले न्हाई." मी चुलीकडे तोंड करून रडले. मग रोजच कौतुक. सासू इतकी गोड असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

निकाल आला. कॅन्सर नाही, पोटाचा टीबी. काही महिने गोळ्या घेतल्या की बरं वाटणार. मी सांगते आहे आणि तुम्ही पदरानं डोळे पुसता आहात. मग उठून बसता, समोरच्या ताटाकडे बघता आणि म्हणता, "ही भाकर हाय का पापड?" संध्याकाळपर्यंत शेजारणीकडून कढईही परत आणवलीत. पुढे गोळ्या एकही न चुकवता संपवल्यात आणि नऊ वर्षं ठणठणीत जगलात. एकदा धीर करून मी त्या कौतुकाची आठवण करून दिली, तर म्हणालात, "तापात बोलले आसंल."

हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून एक गोष्ट मोकळेपणानं लिहिते. निकालाचा फोन मंगळवारी सकाळीच आला होता. घरात आपण दोघीच. मी सांगायला आत येतच होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "पोरी, हिकडं बस, तेल लावते." मी बसले. सांगितलं ते बुधवारी. तो एक दिवस तुम्ही मरणाच्या भीतीत काढलात, याची मला अजून लाज वाटते. पण आत्या, माझ्या केसांना तुमचा हात तेवढा एकच दिवस लागला.