मडमेला मत नव्हतं

आप्पा, तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. नगरला मिशनच्या बंगल्यात तुम्ही स्वयंपाक करायचात आणि मी दाराशी बसून वाटाणे सोलायचे, तेच दिवस सध्या डोळ्यांपुढे येतात. एका सकाळी मडमसाहेब अमेरिकेहून आलेलं वर्तमानपत्र घेऊन थेट चुलीपाशी आल्या. त्यांच्या शहरात मेयरची, म्हणजे नगराध्यक्षाची, निवडणूक झाली होती. त्यांचा माणूस थोडक्यात हरला होता आणि मतांच्या काही पेट्या नदीत फेकल्या, असं छापून आलं होतं. त्या रागाने लाल झाल्या होत्या. तुम्ही रस्सा ढवळता ढवळता विचारलंत, "पर मडमसाब, तुमचं मत कुणाला हुतं?" त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे बायकांना मत नाही."

"म्हंजी तुमी अन् माझी पोर सारख्याच की!" तुम्ही हसलात. त्या हसल्या नाहीत. मी मध्येच बोलले, "मग सायबाला सांगायचं, यालाच दे म्हनून." तुम्ही रश्श्यातला डाव उगारलात. "गप! दुसऱ्याच्या हातानं दिलं तर ते आपलं कसं?"

पुढे मला मत मिळालं, आप्पा. पण मालक सांगतील त्याच चित्रावर मी शिक्का मारला. ते गेल्यावर दीर सांगू लागले. यंदा ग्रामपंचायतीला दीर स्वतःच उभे होते. समोर गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस, दुष्काळी कामावर माझ्या शेजारी बसून खडी फोडणारा. वस्तीच्या बायकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू द्या, एवढंच तो मागत होता. दोघांना मतं सारखी पडली. चिठ्ठी काढली, तीत दीर हरले.

दीर माणूस वाईट नाहीत. मालकांच्या आजारपणात गाडी जुंपून त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. काल ओट्यावर बसून म्हणाले, "वैनी, आपल्यातलंच कुनीतरी फुटलं. तुमच्यावर न्हाई हां शंका, तुमी तर आईच्या जागी."

मीच फुटले, आप्पा. खडी फोडणाऱ्याच्या चित्रावर शिक्का मारला. पुन्हा वेळ आली तर तिथेच मारीन. हे दिरांना आज सांगायचं ठरवलं होतं. चहा केला, त्यात मुद्दाम गूळ जास्त घातला. ते म्हणाले, "लई ग्वाड झालाय, वैनी." मी नुसतं हं म्हटलं, आणि कप विसळायला उठले.