ओट्याचे दगड

ता. ४ मार्च

ती. दादास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या खोकल्यातून रक्त पडतं का, ते पुतणीला स्पष्ट लिहायला सांग. ती 'ठीक आहे' एवढ्यावर उरकते आणि इथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तुझ्या वरच्या शेतात मका बरा आहे, असं मागे लिहिलं ते खोटं. काही उगवलेलं नाही. मातीतपासणीच्या बाई आल्या होत्या. पहार मारली तर वितीवर खणकन खडक लागला. त्या म्हणाल्या, खडक ऊन-पाण्याने फुटतो, भेगांत मुळं शिरतात, पाला कुजतो, गांडुळं ते खालीवर करतात, तेव्हा दहा पिढ्यांनी बोटभर माती होते. मग माझ्या खालच्या शेतात पहार कंबरभर आत गेली. काळी, भुसभुशीत. बाई हसून म्हणाल्या, बाबा, वरची सगळी इथेच उतरलीय की.

दादा, घर बांधताना ओट्याला दगड कमी पडले. तू परगावी कामाला होतास. मी तुझ्या बांधाचे दगड काढून आणले आणि तुला सांगितलं, गुरांनी बांध पाडला. चाळीस वर्षं तुझी माती माझ्याकडे वाहून आली आणि लोक म्हणत राहिले, धाकट्याच्या हाताला गुण आहे.

रागाव, पण उत्तर पाठव. उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

तुझा धाकटा


ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हात कापतो, म्हणून पोरीकडून लिहवून घेतोय. तुझं पत्र वाचून ती भडकली होती, तिला गप्प केलं.

गुरं बांध पाडतात, दगड वाहून नेत नाहीत. वडिलांनी बसवलेला तो चोचीचा दगड तुझ्या पायरीशी मी पहिल्याच भेटीत ओळखला. तुझी बायको बाळंतीण, घराला धड दार नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी रचू बांध. मग भांडण नको म्हणून दरवर्षी पुढचं वर्ष. माती मात्र थांबली नाही. निम्मी चूक माझी.

डॉक्टरने सोडलं तर तुझ्याकडेच येईन. वर काय खडक चाटू?

वेळेवर जेवत जा.

दादा


ता. ११ एप्रिल

चि. पुतणीस,
काकाचे आशीर्वाद.

दादा गेल्याचं तुझं पत्र परवा मिळालं. शेवटी त्याला धाप लागली का, जवळ कोण होतं, काहीच लिहिलं नाहीस. तेवढं लिही.

वरचं शेत विकू का, विचारलंस. विकू नकोस. दादाचं पत्र आलं त्याच दिवशी मी ओटा फोडला. बांध गुडघाभर रचून झालाय. आता टोपलीने माती वर नेतो. बारा टोपल्या झाल्या की छाती भरून येते. खाटेएवढ्या जागेत बोटभर थर झालाय. त्यावर पाला आणि शेण पसरतो, कारण बाई म्हणाल्या, मातीत जीव राहिला नाही तर ती नुसती धूळ. माझ्या हयातीत तिथे पीक दिसायचं नाही. तुझ्याही कदाचित नाही.

चोचीचा दगड तेवढा मी हलवला नाही. दादा यायचा तेव्हा त्यावरच बसायचा. मी म्हणायचो, आत ये. तो म्हणायचा, इथेच बरं आहे.

राग गेला नाही तरी पत्र टाकत जा.

तुझा काका