या वीकेंडला

शनिवार, ३१ ऑगस्ट २००२

आज आला तो. अली. माझी जागा घेणारा. आणि त्याला शिकवायचं कुणी? मी!

यूनुसमामू म्हणाले, "सगळं दाखव त्याला. रॅम बसवणं, विंडोज टाकणं, व्हायरस काढणं. हातचं काही राखू नकोस."

काउंटरवर सौदी माणूस दिसला पाहिजे, नाहीतर दुकानाला कुलूप, असा हुकूम निघालाय. हुकूम मामूंनी काढलेला नाही. कफीलनंही नाही; दुकान आणि आमचे व्हिसा ज्याच्या नावावर, तो सौदी तर बिचारा महिन्यातून एकदा येतो आणि चहा पिऊन जातो. मग राग काढायचा कुणावर? दिवसभर अलीवर काढला. तीनदा तेच विचारलं त्यानं, तिन्ही वेळा मी खेकसलो. तो हसत होता. घरून गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणला होता. मला कप भरून दिला. प्यायलो नाही.

माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिलाय — गवंडी. यान्बूत येऊन मी अजून एक वीट उचललेली नाही. तपासनीस आले की गवंड्यानं मागच्या खोलीत जायचं आणि आवाज न करता बसायचं. हे माझं करिअर.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मामूंच्या मेहनाजचा मेल नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज दुकान अर्धा दिवस. मागच्या खोलीत बसून पॅकेजचं काम केलं. जगात फक्त इथंच मला किंमत आहे.

रत्नागिरीच्या कॉलेजात होतो तेव्हा एका मासिकाबरोबर हाल्टी लिनक्सची, विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमची, सीडी आली होती. लॅबच्या मशीनवर टाकली. लॅबवाले सर म्हणाले, पुसून टाक. नाही पुसली. ते सगळ्यांसमोर बोलले, मीही सगळ्यांसमोर बोललो. माफीनामा लिहून दे म्हणाले. तिसरं वर्ष होतं. माफीनामा न लिहिता एसटीत बसलो आणि साखरतरला घरी आलो. आई महिनाभर बोलली नाही. मग मामूंनी इकडे बोलावलं.

कॉलेज सुटलं, सीडी राहिली. आता हाल्टीतलं एक पॅकेज माझ्याकडे आहे: फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा डायलर. कुणाचं जोडेना, की ते हाल्टीच्या मेलच्या यादीवर लिहितात आणि मी उत्तर देतो. ब्राझीलचा कुणी, पोलंडचा कुणी. पैसे नाहीत. पण पॅकेजच्या खाली माझं नाव असतं. नौशाद. गवंडी नाही.

अलीनं खांद्यावरून डोकावून विचारलं, "इसका कितना देते?"

"कुछ नहीं."

"तो क्यों करता, सदीक?"

सदीक, म्हणजे दोस्त, म्हणतो मला. काय सांगू याला! म्हटलं, तेरे को नहीं समझेगा.

मग त्याला सांगितलं की नवीन माणसाला स्वतःचं काम स्वतः हाल्टीत चढवता येत नाही. ते तपासून चढवायला एक जुना माणूस लागतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. माझा स्पॉन्सर युक्का, फिनलंडचा.

अली खुर्चीवरून पडायच्या बेतात हसला. "उधर भी कफील!"

मलाही हसू आलं. आवरलं.

रविवार, ८ सप्टेंबर

युक्काचा ओरडा. परवा यादीवर एकाला लिहिलं होतं, आधी मॅन्युअल वाच आणि मग इथं तोंड उघड. युक्कानं खासगीत लिहिलं: तुझं म्हणणं बरोबर, भाषा चूक. राग आला की उत्तर जरूर लिही. पाठव दुसऱ्या दिवशी.

फिनलंडमध्ये बर्फ असतो. तिथं जमत असेल हे.

पण डायलरचा मोठा दोष आज सापडला. लाइन मध्येच तुटली तरी प्रोग्रॅमला वाटतं, अजून जोडलेलं आहे. वेड्यासारखा धरून बसतो. मी लिहिलं: पलीकडून ठरावीक वेळ काही आलं नाही, तर स्वतःच फोन ठेवून दे. सुटसुटीत. कशाला कुणाची वाट बघायची?

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज मामूंकडे जेवायला होतो. मामीनं कोळंबीचं कालवण केलं होतं. मामूंनी हात धुतले आणि म्हणाले, "तुझ्या कानावर घालतो. रिफायनरीतल्या ताजुद्दीनच्या घरून मेहनाजसाठी विचारलंय. खेडची माणसं आहेत. ताजुद्दीन स्वतः इंजिनियर."

मी भात कालवत राहिलो.

"निकाह तिचं कॉलेज झाल्यावरच. आत्ता नुसता शब्द हवाय त्यांना. पण तिला पसंत असेल तरच," मामू म्हणाले. मग खाली बघून, "तू डिग्री पुरी केली असतीस, तर मला कुणाच्या घरून ऐकून घ्यायची वेळच आली नसती."

मामी आतून म्हणाली, "जेवताना कशाला काढता ते?"

माहीत आहे त्यांना. सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मेहनाज सुट्टीत साखरतरला यायची तेव्हापासून सगळे आम्हा दोघांना चिडवायचे. मी इथं आल्यावर ती संध्याकाळी शाळेच्या प्रोजेक्टसाठी दुकानात यायची, मी मराठीत बोलायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, मध्येच एखादा शब्द आईच्या बोलीतला. आता पुण्याला. जुलैत गेली. विमानतळावर म्हणाली, "बी नाइस टू पीपल, नौशाद. प्रॅक्टिस कर थोडी."

इंजिनियर!

सोमवार, १६ सप्टेंबर

मेहनाजचा मेल. इतक्यांदा वाचला की पाठ झालाय.

अम्मीनं कळवलं तिला. लिहिते: "तू काहीही करायचं नाही. अब्बांशी भांडण नाही, नोकरी सोडणं नाही. मला शांत डोक्यानं विचार करू दे. या वीकेंडला मी दुकानात फोन करीन आणि काय ते अब्बांना स्वतः सांगीन, मग तुझ्याशी बोलेन. तोवर थांबशील? तू जगातल्या प्रत्येक गोष्टीचं मॅन्युअल वाचतोस, फक्त माझं नाही."

यात हो आहे की नाही? "शांत डोक्यानं" म्हणजे काय? हो म्हणायला कुणाला शांत डोकं लागतं?

थांबेन लिहून पाठवलं. मामूंनाही सांगितलं की वीकेंडला तिचा फोन येणार आहे. ते म्हणाले, "मग त्यांना तोवर थांबवतो."

मंगळवार, १७ सप्टेंबर

गंमत बघ. युक्काचाही मेल. हाल्टीच्या नव्या आवृत्तीत भर घालणं बंद होतंय. या वीकेंडपर्यंत जे चढेल ते सीडीवर जाईल, राहील ते बाहेर. डायलर दुरुस्त करून त्याला पाठवला. आता त्यानं चढवायचं.

सगळं याच वीकेंडवर आलंय.

गुरुवार, १९ सप्टेंबर

फोनशेजारी बसलो. तीन गिऱ्हाइकं फोनवर भाव विचारत होती, तिघांना झटपट तोडलं, लाइन मोकळी राहावी म्हणून. अली म्हणाला, "मैं लेता हूँ फोन, तू बैठ." अरबीत गोड बोलून एकाला चक्क प्रिंटर विकलासुद्धा त्यानं.

तिचा फोन नाही. यादीवर डायलर नाही.

हॉस्टेलला फोन करता येतो, पण वॉर्डन उचलते. मागे एकदा केला होता. "ओन्ली फादर ऑर ब्रदर" म्हणाली. मी कोण सांगणार?

शुक्रवार, २० सप्टेंबर

जुम्म्याची नमाज पढून थेट दुकान उघडलं, शटर अर्धं वर. अलीला सुट्टी. एकटा. फोन उचलून उचलून बघितला, डायल टोन आहे. लाइन बरोबर आहे.

असरची बांग झाली. मग मगरीब. संपला वीकेंड. उद्या सकाळपासून परत दुकान, शाळा, रिफायनरी सगळं सुरू.

यादी उघडली. डायलर चढलेला नाही. युक्काचा एक शब्द नाही. वर्षभर रात्रीचा दिवस केला यांच्यासाठी! स्पॉन्सर म्हणे. कफील तो कफीलच, इथला काय नि तिथला काय.

यादीवर लिहिलं: मी डायलर सोडतोय. ज्याला हवा त्यानं घ्या. सोडलेल्या पॅकेजला हाल्टीत यतीम म्हणतात, कुणीतरी दत्तक घेईपर्यंत. त्याच मेलमध्ये युक्काला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. पाठवून दिलं. लगेच.

शटर ओढत होतो तेवढ्यात मामू आले. मशिदीतून आले होते. ताजुद्दीनचे वडील तिथंच भेटले म्हणाले. "आज आठवडा झाला, मला तोंड चुकवावं लागतंय. मेहनाजचा फोन आला?"

मी कुलूप लावत होतो. पाठ त्यांच्याकडे होती.

"तुझ्याशी बोलणं झालं का तिचं?"

"झालं."

"काय म्हणाली?"

"त्यांना हो कळवा म्हणाली."

खोटं बोललो. पण खोटं कसं? दोन दिवस होते तिच्याकडे. नाही केला फोन. म्हणजे हेच ना उत्तर? तिच्यानं तोंडानं म्हणवलं नाही, मी म्हटलं. मामूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि तसेच मशिदीकडे परत गेले.

खलास.

शनिवार, २१ सप्टेंबर

शब्द दिला गेला. ताजुद्दीनच्या घरून बुरैद्याच्या खजुराची पेटी आली, वर मेहनाजसाठी अंगठी. मामीनं ती बोटात घालून बघितली, घट्ट होती. रडत होती. मामूंनी गल्लीतल्या सगळ्या दुकानांत खजूर वाटले. वडिलांनी माणसांसमोर दिलेला शब्द आहे, आता तो हलत नाही.

अलीला वाटलं काही आनंदाचं आहे. "मबरूक, सदीक!" मग माझं तोंड बघितलं. थोड्या वेळानं गहव्याचा कप ठेवून गेला. प्यायलो.

मामूंना म्हटलं, अलीला आता सगळं येतं, मला गावी जाऊ द्या. म्हणाले, "बघू." डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. माझी दया येतेय त्यांना.

रविवार, २२ सप्टेंबर, दुपार

युक्काचा मेल. शिव्या असतील म्हणून उघडतच नव्हतो.

लिहितो: "तुझा शुक्रवारचा मेल मी पोचलाच नाही असं धरलंय, सगळ्यांना तसंच सांगितलंय. एवढी घाई कसली? वीकेंड अजून चालू आहे. ही कामं मी नेहमी रविवारी सकाळी कॉफी घेऊन करतो. डायलर चढवला. एकच बदल केला: तू थांबण्याची वेळ फार कमी ठेवली होतीस. धिम्या लाइनवर पलीकडचा उत्तर देण्याच्या आत फोन ठेवला जात होता. मी ती वाढवली. आणि हो, तुला पूर्ण सभासद करावं असं मी सुचवलंय. मग तुला कफील लागणार नाही." (हा शब्द मीच शिकवला होता त्याला.)

मोठ्यानं हसलो. अलीला सांगितलं. म्हटलं, या येड्यांचा वीकेंड शनिवार-रविवार! आम्ही शुक्रवारी मरून पडलो आणि हे आत्ता कॉफी पितायत!

अली म्हणाला, "सब का ऐसा है, सदीक. अमरीका, हिंद, सब का. सिर्फ हमारा अलग."

हिंद.

मी ती इथं शाळेत होती तेव्हाचाच, गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीचा आठवडा धरून बसलो. जुलैपासून ती पुण्यात आहे.

रविवार, संध्याकाळ

फोन वाजला तेव्हा मामू काउंटरवर होते. त्यांनीच उचलला. तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता, नेहमीसारखी भरभर, हसत. "सॉरी अब्बा, उशीर झाला. संडे ना, बूथवर ही लाइन होती! ऐका, मी ठरवलंय. ताजुद्दीनच्या घरी नाही म्हणून कळवा. आणि फोन नौशादला द्या."

मामूंनी माझ्याकडे बघितलं.